हे आणि ते

“म्हणजे शेवटी तो उठला की नाही?”

सिनेमा सुटला होता आणि थिएटरच्या जिन्यावर जो तो हेच विचारत होता. ज्याला विचारलं, तो उत्तर न देता आपल्या पुढच्याला विचारत होता.

“उठला की! नाहीतर भिंतीवर टकटक कोणी केली?”

“टकटक तिने केली.”

“ती तर स्वप्नात होती.”

“मग स्वप्नातून केली. तुझ्या बापाची भिंत आहे का?”

एक म्हातारे गृहस्थ कठड्याला धरून उभे होते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते की मधला तुकडा थिएटरवाल्यांनी गाळलेला आहे, नाहीतर असं होणं शक्य नाही. एका तरुण जोडप्याचं पायऱ्यांवरच वाजलं होतं. ती म्हणत होती, हे प्रेम होतं. तो म्हणत होता, हे पित्त होतं, उशिरा जेवलं की अशीच स्वप्नं पडतात. दारावरच्या माणसाला तर कुणी सोडत नव्हतं. तो सगळ्यांना एकच सांगत होता, “मी दार उघडतो आणि लावतो, साहेब. कळण्याचं खातं वेगळं.”

या गर्दीतून फ्रीज मेकॅनिक खाली उतरत होता. मागे त्याची बायको आणि तिच्यामागे मेहुणी. तिकिटं मेहुणीने काढली होती. एक तिच्या नवऱ्याचं होतं, पण त्याने बाहेरचं पोस्टर बघितलं, त्यावर ढगातून चाललेला पलंग बघितला आणि त्याला एकदम ऑफिसचं काम आठवलं. मग त्याच्या जागी भाऊजींना बसवण्यात आलं.

सिनेमा असा होता. एक माणूस आणि एक बाई शेजारी राहतात. मध्ये एक भिंत. दिवसा दोघं एकमेकांचं तोंड बघत नाहीत, नुसते भिंतीवर बुक्क्या मारून भांडतात. रात्री मात्र दोघांना एकच स्वप्न पडतं आणि त्यात ते नवरा-बायको असतात, गुलुगुलु बोलत असतात, आणि त्यांचा पलंग गावभर फिरत असतो. मेकॅनिकला यातली एकच गोष्ट पटली होती. तो पलंग लाल सिग्नलला थांबत होता. बाकी शेवटी पडदा काळा झाला, भिंतीवर दोनदा टकटक झाली आणि दिवे लागले. त्याला वाटलं, लाइट गेली होती ती आली.

पण त्याच्या डोक्यात घोळत होतं ते वेगळंच. आत अंधारात बायकोने रुमाल डोळ्यांना लावला होता. बरं, रडण्यासारखं तिथे काही नव्हतं. कुणी मेलं नव्हतं, कुणी गाव सोडून चाललं नव्हतं. नुसती ती बाई गादीवर पडली होती.

“डोळ्यात काय गेलं?” त्याने फूटपाथवर विचारलं.

“काही नाही. एसी फार होता.”

हे त्याने धंद्याच्या माणसाप्रमाणे मनावर घेतलं. “एसी ठीकच होता,” तो म्हणाला.

मेहुणी हसली. “भाऊजी, तुम्हाला पिक्चर कळला का?”

“मला कशाला कळायला पाहिजे?”

“ताईला कळला बघा. ताई काही बोलायला तयार नाही म्हणजे कळला.”

घरी आल्यावर बहिणी स्वयंपाकघरात गेल्या आणि मेकॅनिक बाहेरच्या खोलीत जमिनीवर एक थर्मोस्टॅट उघडून बसला. मधल्या दाराला पडदा होता. पडद्यातून बोलणं येतं हे बायकांना माहीत असतं, पण या घरात ऐकणारा माणूस काही ऐकत नाही अशी दोघींची खात्री होती. आणि खात्री चुकीची नव्हती. त्या दिवशी मात्र तो ऐकत होता.

“रडलीस का गं?” मेहुणीने विचारलं.

“काय माहीत. मलापण तसंच होतं ना.”

“तसं म्हणजे?”

“ते येतात स्वप्नात. आणि किती बोलतात गं! मी नुसती ऐकत बसते.”

“अगं बाई! आणि भाऊजी?”

“हे येतात, जेवतात, झोपतात. यांचं काय? पण ते—”

इथे मिक्सर सुरू झाला. मिक्सर मेकॅनिकने स्वतः दुरुस्त केलेला होता, त्यामुळे आवाज दणदणीत होता. त्या आवाजाने पुढचं सगळं बोलणं खाल्लं. मिक्सर थांबला तेव्हा दोघी हसत होत्या आणि विषय पडद्यांच्या कापडावर गेला होता.

थर्मोस्टॅटचा एक स्क्रू मेकॅनिकच्या हातातून सुटून कपाटाखाली गेला. तो काढायला तो उठला नाही.

‘हे’ कोण, याबद्दल शंकेला जागा नव्हती. लग्नापासून ‘हे’ म्हणजे तो. फोन आला तर ‘हे बाहेर गेलेत’, दारावर कुणी आलं तर ‘हे जेवतायत’. त्या शब्दावर त्याची एकट्याची मालकी होती, घराच्या पाटीइतकी पक्की. पण मग ‘ते’ कोण?

बायकोच्या बोलण्यात ‘ते’ पुष्कळ होते. वरच्या मजल्यावरचे ते, ज्यांच्या कुंडीचं पाणी खाली गळायचं. पण त्यांच्याशी तिचं बोलणं म्हणजे खालून वर ओरडणं. लायब्ररीतले ते, जे तिच्यासाठी नवीन पुस्तक बाजूला काढून ठेवायचे. यांच्यावर मेकॅनिकचा चांगलाच संशय बसला आणि दुसऱ्या दिवशी जाता जाता तो लायब्ररीत डोकावला. टेबलामागे ‘शांतता राखा’ अशी पाटी होती आणि तिच्याखाली ते गृहस्थ बसले होते. मेकॅनिकने पुस्तकाचं काहीतरी विचारलं तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि उत्तर कागदावर लिहून दिलं. ते बाद झाले. राहता राहिले दातांचे डॉक्टर. ते बोलायचे फार, आणि समोरच्याचं तोंड उघडं असल्यामुळे त्यांना कुणी अडवू शकत नसे.

जेवताना त्याने विषय काढला. “दात कसा आहे?”

बायकोच्या हातातला डाव थांबला. “कुणाचा?”

“तुझा. तो डॉक्टरांकडचा.”

“अहो, तो काढला.”

“कधी?”

“कधी म्हणजे? तुम्हीच तर मला आणायला आला होतात. तोंडात कापूस होता. तुम्ही म्हणालात, बरं झालं शांत आहेस, जरा टीव्ही ऐकू येईल.”

हे त्याला आठवेना. स्कूटर आठवत होती. त्या दिवशी क्लच घसरत होता, तेही आठवत होतं.

त्याच्या धंद्यात सर्वात वाईट फॉल्ट म्हणजे अधूनमधून येणारा. गिऱ्हाईक शपथेवर सांगतं की रात्रभर घरघर चालली होती, आणि मेकॅनिक दारात आला की फ्रीज शहाण्या मुलासारखा चालतो. अशा वेळी तो एकच प्रश्न विचारायचा, आवाज चालू होताना येतो की बंद होताना? फॉल्ट कुठे आहे हे नाही कळलं तरी चालतं, कधी येतो ते कळलं पाहिजे. बायकोचं त्याने याच रीतीने बघायचं ठरवलं. रडू नक्की कुठे आलं होतं?

दुसऱ्या दिवशी एका निवृत्त मुख्याध्यापिकेच्या घरी काम होतं. बाई खुर्ची घेऊन शेजारी बसल्या होत्या आणि त्यांचे यजमान खिडकीशी पेपर वाचत होते. दोघांनी सिनेमा पाहिला होता. गावात तेव्हा तो न पाहिलेला माणूस सापडणं कठीण झालं होतं, कारण कळला नाही असं सांगायला लोक मुद्दाम जाऊन बघून येत होते.

“अगदी सोपं आहे,” बाई म्हणाल्या. “तो माणूस सगळा वेळ जागाच आहे. झोपलेली ती आहे. सगळं तिच्या डोक्यात चाललंय.”

“काहीतरीच,” पेपरामागून आवाज आला. “दोघंही झोपले होते. जागे आपणच होतो, म्हणून त्रास झाला.”

“तुम्ही घोरत होतात!”

“मग मलाच बरोबर कळला असणार.”

मेकॅनिकने कॉम्प्रेसरवर हात ठेवून बघितला आणि शक्य तितक्या सहज आवाजात विचारलं, “बाई, समजा एखाद्या बाईच्या स्वप्नात कुणी परका येत असेल, तर तो दोष कुणाचा धरायचा?”

बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. वर्गात मागच्या बाकावरून चिठ्ठी फिरली की त्या अशाच बघत असणार. “स्वप्न पडतं हो. पाडत कुणी नाही. दोष कसला?”

“नाही, गिऱ्हाइकाकडे विषय निघाला होता.”

“हो का.” त्यांनी पुढे विचारलं नाही, हे त्यांचे उपकारच. मग फ्रीजमध्ये बर्फ का साठतो असं त्यांनी विचारलं आणि मेकॅनिक खुलला. दाराचं रबर, आत शिरणारी गरम हवा, ती हवा कुठून कशी फिरते, लोक गरम पातेली तशीच आत कशी कोंबतात, एका घरी तर फ्रीजमध्ये इस्त्री सापडली होती ती कशी, असं सगळं त्याने हातवारे करून सांगितलं. यजमानांनी पेपर खाली ठेवला. बाई हसून हसून लाल झाल्या.

“तुम्ही किती छान बोलता!” त्या म्हणाल्या. “घरी मजा असेल.”

मेकॅनिकने हत्यारं पिशवीत भरली. त्याच्या बोलण्याची सगळी मिळकत अशी लोकांच्या स्वयंपाकघरांत उधळली जायची. घरी येईपर्यंत खिशात उरायचं ते ‘वाढ’ आणि ‘झोपतो’. इस्त्रीची गोष्ट त्याने निदान पन्नास घरांत सांगितली होती. आपल्या घरी सांगितली होती का, याचा त्याने जिना उतरताना विचार करून बघितला.

तिथून तो कामावर जायचं सोडून सरळ थिएटरवर गेला. दुपारचा खेळ लागत होता. दारावरच्या माणसाने त्याला ओळखलं.

“पुन्हा? कळला म्हणून की कळला नाही म्हणून?”

“बघायचंय एक.”

“सगळे हेच म्हणतात.”

आत फारसं कुणी नव्हतं. पलंग निघाला, सिग्नलला थांबला, बाई-माणूस गुलुगुलु बोलले. मेकॅनिक पाठ ताठ करून, कान लावून बसला होता. अखेर ती जागा आली. सकाळ झाली आहे. बाई उठते. खिडकीतून उजेड येतो. ती समोरच्या भिंतीकडे बघते, आणि मग पुन्हा आडवी होते आणि डोळे मिटून घेते. झोपेसाठी नव्हे. कुणाचं तरी बोलणं अर्धं राहिलेलं असावं तशी. तिचे ओठ जरासे हलतात आणि थांबतात. बस, एवढंच. नुसती पडली होती असं त्याला पहिल्यांदा वाटलं होतं, ते हेच.

दोन खुर्च्या सोडून एक बाई डोळे पुसत होत्या. मेकॅनिकला राहवेना. तो वाकून म्हणाला, “ताई, माफ करा, तुम्हाला रडू नक्की कशाचं आलं?”

“तुम्हाला काय करायचंय?” बाई फिसकारल्या. मग जरा मऊ होऊन म्हणाल्या, “नवीन चष्मा आहे. पाणी येतं.”

सिनेमा सुटल्यावर दारावरच्या माणसाने गमतीने विचारलं, “आला का ध्यानात?”

“आला.”

“काय, उठला का तो?”

“त्याचं मला माहीत नाही,” मेकॅनिक म्हणाला. “तिला परत जायचंय.”

दारावरचा माणूस हसायला लागला होता, तो मेकॅनिकचा चेहरा बघून थांबला.

घरी आला तेव्हा ऊन अजून अंगणात होतं. या वेळी तो कधी घरी येत नसे. बायको जमिनीवर बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती.

“बरं नाही का?” तिने विचारलं.

त्याने रस्त्यात बरंच ठरवलं होतं. आधी पाणी मागायचं, मग सिनेमाचा विषय, मग हळूच दातांचे डॉक्टर. पण दारातच, पिशवी खांद्यावर असताना, तो म्हणाला, “ते कोण?”

“कोण ते?”

“ते. स्वप्नात येतात ते. बोलणारे.”

बायकोच्या हातात त्याचाच शर्ट होता. तिने तो मांडीवर ठेवला. आधी तिला हसू आलं, मग ते मध्येच विझलं. “तुम्ही पडद्याआडून ऐकलंत?”

“मी माझ्या खोलीत बसलो होतो. कोण ते?”

“अहो, तुम्हीच.”

“मी म्हणजे हे. तू म्हणालीस, हे येतात, जेवतात, झोपतात. आणि ते बोलतात. मी दोन्ही कसा असेन?”

“तेच तर मला समजत नाही ना!” ती म्हणाली. “कसं सांगू... तुम्हीच असता. हाच शर्ट असतो. खिशात टेस्टर असतो. हाताला तेलाचा वास असतो. पण तुमच्याच शेजारी बसून तुम्ही बोलत असता. त्यांना हे कसं म्हणू? हे तर तुम्ही. म्हणून ते.”

मेकॅनिकने पिशवी खाली ठेवली. त्याला क्षणभर एकदम हलकं वाटलं. डॉक्टर गेले, लायब्ररीवाले गेले, गावातले सगळे ते एका दमात निकालात निघाले. तो खुर्चीवर बसला. आणि बसल्या बसल्या त्याच्या लक्षात आलं की हे काही बरं झालं नाही. दुसरा कुणी असता तर त्याच्या दारात जाऊन आवाज चढवता आला असता. याच्याशी कुठे जाऊन भांडणार?

“काय बोलतो मी?” त्याने विचारलं.

“आठवत नाही.”

“थोडंफार?”

“काहीच नाही हो. उठल्यावर इतकंच राहतं की बोलणं चाललं होतं, आणि मध्येच राहिलं. मग मी जरा तशीच पडून राहते. वाटतं, पुढचं ऐकू येईल. पण नाही येत.” तिने शर्टाची बाही सरळ केली. “त्या पिक्चरमधली बाई तसंच करते. मला वाटायचं, असं मी एकटीच करते.”

“रोज?”

“रोज कुठलं. कधीतरी.”

‘कधीतरी’ म्हणजे किती, हे विचारायचं त्याच्या जिभेवर आलं होतं, पण ते गिऱ्हाइकाला विचारायचं असतं. ती घड्या घालत राहिली. आता आपण काहीतरी बोलायला पाहिजे, इतकं त्याला स्पष्ट कळत होतं.

“आज एक फ्रीज होता,” तो म्हणाला.

बायकोने हात थांबवला. “बरं.”

“मुख्याध्यापिका बाईंचा.”

“मग?”

“गॅस कमी होता. भरला.”

“मग?”

“मग चालू झाला.”

ती वाट बघत होती. तो आठवत होता की बाई लाल होईपर्यंत कशाला हसल्या होत्या. इस्त्री. फ्रीजमध्ये इस्त्री सापडली होती. तिथे तर हात आपोआप उठले होते, आवाज आपोआप बदलला होता. इथे ते वाक्य सुरू कुठून करायचं हेच सापडेना. “एका घरी,” तो म्हणाला, “फ्रीजमध्ये इस्त्री होती.”

“इस्त्री? ती कशाला?”

“विसरून राहिली असेल.”

“अगंबाई,” ती म्हणाली, आणि हसली. मनापासून हसली असं नाही, पण त्याला मदत करायला हसली. मेकॅनिकला ते कळलं आणि त्याला घाम आला.

“राहू द्या,” ती थोड्या वेळाने म्हणाली. कपड्यांचा ढीग उचलून कपाटात ठेवला. “मी जरा पडते. सकाळपासून पाठ टेकली नाही. नळाला पाणी आलं की उठवा हं, नाहीतर पिंप रिकामं राहील.”

ती आतल्या खोलीत गेली. मेकॅनिक बाहेर बसून राहिला. त्याने मनात इस्त्रीची गोष्ट सुरुवातीपासून लावून बघितली. आधी ते घर सांगायचं, मग ती घाईघाईने ऑफिसला निघालेली बाई, मग तिच्या एका हातात दुधाचं भांडं, दुसऱ्यात इस्त्री, आणि कुठलं काय कुठे ठेवलं याचा झालेला घोटाळा. मग संध्याकाळी इस्त्रीच्या जागी सापडलेलं दूध. चांगली बसत होती. तो दोनदा पुटपुटून बघत होता, तेवढ्यात मोरीतला नळ खाकरला आणि पाणी आलं.

तो उठवायला आत गेला. ती कुशीवर झोपली होती, एक हात उशीखाली. त्याने खांद्याजवळ हात नेला.

“हं,” ती झोपेत म्हणाली. “मग?”

त्याचा हात तिथेच राहिला.

ती ऐकत होती. भुवया जराशा वर गेल्या होत्या, ओठ मिटलेले होते, जागेपणी ती अशी कधी दिसत नसे. थोडा वेळ गेला. मग तिच्या घशातून हसू आलं, छोटंसं, खरंखुरं, पोटातून आलेलं. “काहीतरीच तुमचं,” ती म्हणाली, आणि पुन्हा, “मग?”

मेकॅनिकने हात मागे घेतला. दार लोटून घेतलं, कडी वाजणार नाही असं. मोरीत जाऊन त्याने नळाला पाइप लावला आणि पाइपाचं तोंड पिंपाच्या आतल्या कडेला धरून उभा राहिला, म्हणजे धार कडेवरून घसरत खाली जाईल आणि आवाज होणार नाही. पिंप भरायला वेळ लागणार होता. हात भरून आला तरी त्याने पाइप सोडला नाही. आत ते बोलत होते.